कर्ज उदंड, दक्षिणा कुठे?



२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत विष्णु नारळीकर पुण्यात निवर्तले. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेला, बनारसला वाढलेला, केंब्रिजला नाव काढून १९७२ साली मायदेशी परतलेला हा माणूस. आपण इंदूरकर मराठी मंडळींनी त्यांना नेहमीच आपले मानले. रामबाग असो, लोकमान्यनगर असो की राजेंद्रनगर, जुन्या मराठी घरांत त्यांच्या विज्ञानकथा वाचून एक पिढी मोठी झाली. श्रद्धांजली वाहून झाली, तसबिरीला हार घालून झाला, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हेही म्हणून झाले. आता एक व्यवहाराचा प्रश्न विचारतो. मी सियागंजातल्या बँकेच्या शाखेत बसणारा कारकून, शिक्षण बी.कॉम. आकाशातले तारे मला कळत नाहीत, व्हाउचर कळते. म्हणून प्रश्न असा की ही पोकळी भरायला खर्च किती येतो आणि तो करणार कोण?

प्रश्न राजकीय आहे, म्हणूनच आपल्या या पत्रकात विचारतो आहे. साहित्यसंमेलनात विचारून उपयोग नाही.

नारळीकर गेल्यानंतर बेचाळीस दिवसांनी, १ जुलै २०२५ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोपक्रम यांसाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. टाळ्या वाजल्या. आकडा खरोखरच मोठा आहे. पण आम्हा बँकवाल्यांना एक वाईट खोड असते, आम्ही योजनेचे नाव वाचत नाही, अटी वाचतो. हा पैसा मुख्यतः कमी व्याजाचे किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज म्हणून, काही ठिकाणी भांडवली गुंतवणूक म्हणून, खासगी क्षेत्राला मिळायचा आहे. आणि तोही ज्या तंत्रज्ञानाने तयारीच्या नऊ पायऱ्यांपैकी निदान चौथी पायरी गाठली आहे त्याला. म्हणजे कल्पना सिद्ध होऊन प्रयोगशाळेत तिचे यंत्र चालू लागले असले पाहिजे.

आता सांगा, कृष्णविवराचे समीकरण सोडवणारा माणूस कोणत्या पायरीवर बसतो? तो जिन्यावरच नाही. त्याच्याकडे यंत्र नाही, पेटंट नाही, तारण नाही आणि हप्ता फेडायला उत्पन्न नाही. त्याच्याकडे वही आहे, संगणक आहे आणि डोके आहे. हे डोके कोणत्याही बँकेत गहाण पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

उद्योगांना कर्ज देऊ नका असे माझे मुळीच म्हणणे नाही. सियागंजची किराणा बाजारपेठ उधारीवर आणि कर्जावर उभी आहे, कर्जाला नावे ठेवीन तर मी माझ्याच भाकरीला नावे ठेवीन. तक्रार एवढीच आहे की संशोधनाचा पैसा म्हणजे परत येणारा पैसा, हा समज सरकारच्याही आणि आपल्याही मनात मुरत चालला आहे. देशाच्या एकूण उत्पन्नातला संशोधनावरचा वाटा पंधरा-वीस वर्षांपूर्वी ०.८ टक्क्यांच्या आसपास होता. २०२०-२१ सालच्या सरकारी आकडेवारीत तो ०.६४ टक्के आहे. त्याच सुमारास चीनचा होता सुमारे २.४ टक्के. २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली, पण त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, उद्योग आणि दानशूरांकडून यायचे आहेत असे गृहीत धरले. आमच्या भाषेत याला ‘अपेक्षित जमा’ म्हणतात. अपेक्षित जमेवर कोणी चेक फाडत नाही.

आणि देणाऱ्या हाताची दानत पाहा. २०२४ साली काही नामांकित शिक्षणसंस्थांना संशोधन अनुदानावर जीएसटी का भरला नाही अशा नोटिसा गेल्या. सरकारने एका खिशातून द्यायचे आणि दुसऱ्या खिशाने मागायचे. बोभाटा झाला तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने सूट दिली. चूक सुधारली, चांगले झाले. पण ज्या डोक्यातून अशी नोटीस निघते त्या डोक्याला अनुदान आणि विक्री यांतला फरक कळत नाही, हे तर उघड झालेच ना?

आपल्याकडे हा फरक कळत होता

मंडळी, आपण पेशवाईच्या गोष्टी अभिमानाने सांगतो. मग दक्षिणेची गोष्टही सांगू या. सेनापती दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी चालवलेली श्रावणमासातली दक्षिणा ही विद्वानांना मिळणारी रक्कम होती. ती फक्त ब्राह्मणांनाच मिळे, हा अन्याय होता आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज करून हा पैसा मराठी ग्रंथलेखनाकडे वळवण्याची मागणी केली आणि जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तेही याच कारणाने. तो दोष सोडा, पण त्यातले तत्त्व धरा: विद्येसाठी दिलेला पैसा परत मागायचा नसतो आणि त्यावर व्याज लावायचे नसते.

त्याच दक्षिणेच्या पैशातून पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. तिच्या बक्षिसाच्या निमित्ताने शंकर बाळकृष्ण दीक्षित नावाच्या शिक्षकाने भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहायला घेतला. तो ग्रंथ १८९६ साली छापून निघाला आणि आजही जाणकार त्याचे नाव आदराने घेतात. त्या ग्रंथातून सरकारला किती महसूल मिळाला? शून्य. मराठीला किती मिळाले? त्याचा हिशेब अजून चालू आहे.

फार लांब कशाला जायचे? इथून तासा-दीड तासावर उज्जैनची वेधशाळा आहे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात ती बांधली, मग ती मोडकळीला आली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि काम सोपवले गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदावर. शिंद्यांनी आपट्यांना ‘परतावा किती?’ असे विचारले असते तर आज तिथे दगडांचा ढीग दिसला असता. आपल्या इंदुरातही होळकरांनी १८९१ साली होळकर कॉलेज काढले. त्याची इमारत आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. ते कर्ज काढून काढले नव्हते आणि विद्यार्थ्यांकडून वसूल करायलाही काढले नव्हते.

दानाची सवय मोडली की काय होते, तेही पुण्यातच पाहायला मिळते. १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली, मुंबई सरकारने भर घातली. वीस इंची दुर्बीण आली, त्या काळी हिंदुस्थानात तेवढी मोठी दुसरी नव्हती. कावसजी नायगमवाला या एका माणसाने ती चालवली. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळेला कुलूप लागले. दुर्बीण उचलून कोडाईकनालला पाठवली. एकदाची देणगी होती, दरसालची तरतूद नव्हती. एक माणूस होता, त्याच्या हाताखाली तयार होणारी मुले नव्हती. इमारतीला आणि यंत्राला पैसा देऊन माणसाला विसरले की हेच होते, हा धडा एकशे दहा वर्षांपेक्षा जुना आहे.

वहीत लिहिलेले कधी वटते?

‘पण उपयोग काय?’ हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. आमच्या बाजारात तो रोज विचारला जातो आणि तो विचारण्यात काही चूक नाही. उत्तर देतो.

१९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा गुजराती तरुण बनारसला गेला. तिथे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंतरावांचे वडील, गणित शिकवत होते आणि सापेक्षतेवर संशोधन करत होते. वैद्यांना कोणतीही फेलोशिप नव्हती. पत्नी आणि तान्ही मुलगी यांना घेऊन, स्वतःच्या साठवलेल्या पैशावर ते सुमारे दहा महिने तिथे राहिले. पैसे संपेपर्यंत काम केले. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवती गुरुत्वाकर्षण कसे असेल, याचे उत्तर त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केले. वीस वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९६३ साली क्वेसार हे प्रचंड तेजस्वी आणि दूरचे खगोल ओळखले गेले, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांना वैद्यांची आठवण झाली. आज त्यांच्या नावाचे सूत्र पाठ्यपुस्तकात आहे.

कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांची कथाही तशीच. नोकरीच्या संस्थेत धातूंवर काम करा असे सांगितले जाई. सापेक्षता हा त्यांचा स्वतःच्या वेळातला उद्योग. १९५५ साली त्यांचे समीकरण छापून आले. दहा वर्षांनी रॉजर पेनरोझ यांनी त्याच दिशेने पुढे जाऊन कृष्णविवरांचा सिद्धांत मांडला आणि २०२० साली पेनरोझ यांना नोबेल मिळाले. बी आपल्या मातीतले, आणि आपण त्याला पाणीही धड घातले नव्हते.

तिसरे उदाहरण आपल्या मराठी माणसाचे. संजीव धुरंधर १९८९ च्या सुमारास पुण्याच्या आयुकात आले आणि गुरुत्वीय लहरी कशा ओळखायच्या या प्रश्नाला लागले. तेव्हा अशी लहर कोणी पाहिली नव्हती. ती पकडू शकेल असे यंत्रसुद्धा नव्हते. बँकेच्या भाषेत सांगतो म्हणजे पटेल. खिडकीवर चेक आला की आम्ही त्यावरची सही नमुना सहीशी ताडून पाहतो. नमुना सही आधीपासून नोंदलेली नसेल तर खरी-खोटी कशी कळणार? यंत्रातल्या खरखरीत लहरीची खूण शोधायची तर ती कशी दिसेल हे आधी गणिताने काढून ठेवावे लागते. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी अशा नमुन्यांचा संच कसा बांधायचा याचे गणित १९९१ साली मांडले. चेक आला १४ सप्टेंबर २०१५ रोजी. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळल्याची ही लहर सुमारे १३० कोटी वर्षे प्रवास करून अमेरिकेतल्या लायगो यंत्रांवर पोहोचली. सही ताडायची रीत तयार होती, कारण चोवीस वर्षांपूर्वी कोणीतरी काही माणसांना ‘उपयोग काय’ न विचारता पगार दिला होता.

वीस वर्षे, दहा वर्षे, चोवीस वर्षे. इतक्या मुदतीची ठेव कोणताही खासगी गुंतवणूकदार करत नाही. म्हणून ती सरकारने आणि समाजाने करायची असते. दोघांनीही अंग चोरले तर वैद्यांसारखा एखादा स्वतःची पुंजी जाळून करतो. पण दरवेळी वैद्य कुठून मिळणार?

ज्यांना खिशातला उपयोगच हवा आहे, त्यांनी आपला मोबाइल काढावा. रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांतली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइन्स्टाइनच्या सिद्धांताने ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात सुमारे दहा किलोमीटरची चूक साठेल. १९१५ साली तो सिद्धांत आला तेव्हा कोणी टॅक्सीवाल्याने त्याची मागणी केली नव्हती.

खर्च तरी किती?

आता मूळ हिशेब. जानेवारी २०२३ पासून संशोधक विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढची तीन वर्षे ४२ हजार रुपये फेलोशिप धरली आहे. पहिल्या चोवीस महिन्यांचे ८ लाख ८८ हजार. पुढच्या छत्तीस महिन्यांचे १५ लाख १२ हजार. बेरीज बरोबर २४ लाख. घरभाडे आणि किरकोळ खर्च वेगळा. सैद्धांतिक खगोलभौतिकीला प्रयोगशाळा लागत नाही, रसायने लागत नाहीत. संगणक, ग्रंथालय, अधूनमधून प्रवासभाडे आणि बोलायला चार जाणकार माणसे, एवढ्यावर काम चालते. विज्ञानातली ही सर्वांत स्वस्त शेती आहे. पाच वर्षे, एक तयार माणूस, २४ लाख. मुलाला परदेशी एम.एस.ला पाठवताना यापेक्षा जास्त रकमेच्या शैक्षणिक कर्जावर सह्या करणारे पालक आमच्या खिडकीवर नेहमी येतात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया उभे राहायचे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची प्रत्यक्ष मंजुरी. मध्ये सात वर्षे गेली. त्याच्या चार प्रमुख संस्थांपैकी एक आयुका, पुणे, आणि दुसरी आपल्या राजेंद्रनगरजवळचे राजा रामण्णा केंद्र, ज्याला आपण अजून ‘कॅट’च म्हणतो. मराठवाडा आणि माळवा एका यंत्रात जोडले जात आहेत, याचा मला अभिमान आहे. यंत्र हवेच. पण त्या यंत्राने पकडलेल्या लहरींचा अर्थ लावणार कोण? २,६०० कोटींचा शंभरावा हिस्सा म्हणजे २६ कोटी. तेवढ्यात १०८ तरुण पाच वर्षे काम करतील. आणि त्या १ लाख कोटींच्या योजनेचा शंभरावा हिस्सा, १ हजार कोटी, विनापरतीचा म्हणून बाजूला ठेवला तर ४,१६६ तरुण उभे राहतील. मोठी यंत्रे उभारायची आणि त्यांच्यामागे बसणारी माणसे तयार करायची नाहीत, हा १९१२ चाच खेळ पुन्हा मांडणे आहे.

बरे, जी फेलोशिप ठरली आहे ती तरी वेळेवर मिळते का? आम्हा बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो. केंद्र सरकारच्या नोकरांचा वर्षातून दोनदा. संशोधकाच्या फेलोशिपला महागाई भत्ताच नाही. ती वाढवून घ्यायला २०१८-१९ मध्ये देशभरच्या विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा २५ हजारांचे ३१ हजार झाले, आणि पुढची वाढ आली चार वर्षांनी. त्यातही पैसे महिनोन्‌महिने अडकल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत वारंवार येतात. पंचविशी-तिशीतला मुलगा, खानावळीचे बिल थकलेले, घरमालक दारात, आणि याने विश्वाच्या आरंभाचा विचार करायचा! माझा पगार सहा महिने थकला तर मी विश्वाच्या अंताचा विचार करीन.

आक्षेप आणि उत्तरे

‘देशात गरिबी असताना तारे कशाला?’ हा आक्षेप मनापासून असेल तर मला आदर आहे. पण १ लाख कोटी खासगी कंपन्यांना कमी व्याजाने देताना तो कोणी काढला का? गरिबाच्या तोंडचा घास कृष्णविवराने काढून घेतलेला नाही. वरचा हिशेब पुन्हा वाचा.

‘हुशार मुले परदेशात जातील, तिथे करतील.’ जातात आणि करतातही. पण जयंतराव परत आले, कारण परत यायला इथे जागा होती. १९८८ साली यशपाल यांच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने आयुका काढली, तीही एका फार शहाण्या विचाराने. प्रत्येक विद्यापीठाला वेगळे मोठे ग्रंथालय आणि संगणक देणे परवडत नाही, मग एक चांगले केंद्र करा आणि गावोगावच्या प्राध्यापकांना तिथे येऊन राहू द्या, काम करू द्या. सहकारी पतपेढीचेच तत्त्व आहे हे! त्याच लाटेत आपल्या इंदुरात, खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात, अणुऊर्जा विभागाच्या सोयी विद्यापीठांना वापरू देणारे केंद्र आले. अलीकडे आयआयटी इंदूरने खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग चालवला आहे. म्हणजे आपल्या शहरात या विद्येचे बीज आहे. ते वाढेल की वाळेल, हे पुढच्या काही अंदाजपत्रकांत ठरेल.

‘ज्याचा सिद्धांत चुकतो त्याला पैसा का द्यायचा?’ हा सर्वांत बारीक आक्षेप, आणि त्याला उत्तर स्वतः नारळीकर. १९६४ साली हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी विश्वात सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. जयंतराव गेले नाहीत. जन्मभर अल्पमतात राहून युक्तिवाद करत राहिले. पण त्यांनी उभारलेल्या आयुकात महास्फोट मानणारे लोक त्याच सूक्ष्मलहरींवर मोकळेपणाने काम करत होते. संस्थापकाच्या मताविरुद्ध संशोधन करायला संस्थापकाच्याच संस्थेत पगार मिळतो, असे आपल्या किती मंडळांत चालेल? विरोधी पॅनलच्या माणसाला आपण चहासुद्धा विचारत नाही! पैसा देणाऱ्याने उत्तर ठरवायचे नसते, हा धडा राजकारण्यांनी त्यांच्याकडून घ्यावा.

कर्ज हा शब्दही मुळात वाईट नाही. जयंतराव १९५७ साली केंब्रिजला गेले ते जे. एन. टाटा शिष्यवृत्तीवर, आणि टाटांचा तो निधी १८९२ पासून कर्जाच्या रूपानेच मदत देत आला आहे. पण टाटांनी कर्ज माणसाला दिले, मालाला नाही. ‘तू पुढे कोणते यंत्र विकणार?’ असे विचारले नाही. आजचे शैक्षणिक कर्ज घ्यायला गेलात तर शिक्षणानंतर नोकरी कोणती आणि पगार किती, हा प्रश्न येतोच. सैद्धांतिक भौतिकीचा मुलगा तिथे काय सांगणार? एका बँकेत अशा एका मुलाचा अर्ज ‘भवितव्य अनिश्चित’ या भावनेने बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे. त्या बँकेचे नाव घेत नाही. नियम सगळीकडे तसेच आहेत.

आणि आपण?

सरकारला चार शब्द सुनावणे सोपे आहे. आता घरात पाहू. जुने, घरंदाज मराठी कुटुंब म्हणवणारे आपण लग्न जमवताना काय विचारतो? ‘मुलगा काय करतो?’ ‘कृष्णविवरांवर संशोधन करतो.’ ‘ते ठीक आहे हो, पण करतो काय?’ इथेच बोलणी संपतात. पत्रिका मात्र आपण तीन ठिकाणी दाखवतो. नारळीकरांनी पुण्यात सहकाऱ्यांबरोबर पत्रिकांची चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषांनी मुलांच्या पत्रिका पाहून हुशार कोण आणि मंदबुद्धी कोण ते सांगायचे होते. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले तरी ५० टक्के येतात. ज्या विद्येचा निकाल नाण्यापेक्षा कमी लागला तिला आपण दक्षिणा देतो, आणि जी विद्या १३० कोटी वर्षांपूर्वीची टक्कर ओळखते तिला विचारतो, ‘पगार किती?’

उत्सव करू नका असे मी म्हणत नाही. गणपती हवेत, नाटके हवीत, गाणे हवे. इंदूरचा मराठी माणूस त्यावरच जगला आहे. पण होळकरांबरोबर माळव्यात आलो असे सांगणाऱ्यांनी होळकरांचा दानधर्मही सांभाळायला हवा. अहिल्यादेवींनी घाट बांधले ते व्याजाने नव्हे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट मांडतो. पुढल्या निवडणुकीत जो उमेदवार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या दारी हळदीकुंकवाच्या आणि गणपतीच्या निमित्ताने येईल, त्याच्या हातात हा कागद द्यावा.

१. केंद्राच्या १ लाख कोटींच्या योजनेला जोडून तिच्या एक टक्क्याएवढी रक्कम सैद्धांतिक आणि मूलभूत विज्ञानासाठी, विनापरतीची, कायद्याने राखून ठेवावी. पायऱ्यांची अट तिला लावू नये.

२. संशोधकांची फेलोशिप पगाराप्रमाणे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात जमा व्हावी. उशीर झाला तर व्याजासह. हप्ता चुकला की आम्ही कर्जदाराला दंड लावतो, तोच न्याय सरकारला. तिला महागाई भत्ताही जोडावा.

३. मोठ्या यंत्राच्या प्रत्येक मंजुरीबरोबर त्यावर काम करणाऱ्या माणसांची, त्यांच्या जागांची आणि वर्षांची तरतूद कागदावर लिहिलेली असावी. हिंगोलीपासून सुरुवात करा.

४. मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांत आणि शासकीय महाविद्यालयांत गणित आणि भौतिकशास्त्राच्या रिकाम्या जागा भराव्यात, आणि तिथल्या प्राध्यापकांना आयुकासारख्या केंद्रात जायला पगारी रजा आणि भाडे मिळावे.

पाचवी मागणी आपल्या स्वतःच्या मंडळाकडे आहे. आपल्या शिक्षण निधीतून एक फिरता निधी वेगळा काढावा. मूलभूत विज्ञानात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याची फेलोशिप अडकली तर तीन महिन्यांची रक्कम, १ लाख ११ हजार, त्याला बिनव्याजी उसनी द्यावी. थकलेली रक्कम जमा झाली की त्याने परत करावी. दहा विद्यार्थ्यांना एकाच वेळी पुरवायचे तर ११ लाख १० हजार लागतील. हा पैसा बुडणारा नाही, कारण देणेकरी सरकार आहे, फक्त आळशी आहे. तो फिरत राहील. मराठी मुलगा असलाच पाहिजे अशी अटही घालू नये. वैद्य गुजराती होते आणि नारळीकरांनी त्यांना दारातून परत पाठवले नाही.

कार्यकारिणीने होकार दिला तर पहिले दहा हजार माझे. हिशेब मी ठेवतो, विनामूल्य, आणि दर तीन महिन्यांनी याच पत्रकात छापायला देतो. ज्यांना यात सामील व्हायचे आहे त्यांनी पुढच्या मासिक सभेत हात वर करावा. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही यावे आणि सभेत उभे राहून विरोध करावा. त्यांना चहा मिळेल.

आपला नम्र,
एक आजीव सभासद, सियागंज, इंदूर